स्क्विड प्रॉक्सीला 2 जीबी मेमरी दिली, तरी तो 7 जीबी का खातो? मेमरी लीक आहे का, की रॅम वाढवू?

लीक, म्हणजे वापरून झालेली मेमरी प्रोग्रामने परत न सोडणं, नाही. (स्क्विड म्हणजे सगळ्यांचं नेट ज्याच्यातून जातं आणि आलेल्या फाइली साठवून पुन्हा देतो तो प्रॉक्सी प्रोग्राम; ही साठवण म्हणजे कॅश.) तुम्ही लिहिलंय: 8 जीबी रॅम, कॅश_मेम 2 जीबी, महिनाभरात प्रोसेस 7 जीबीवर, संध्याकाळी मशीन स्वॅपमध्ये (रॅम संपल्यावर डिस्कच रॅमसारखी वापरणं) जाऊन झोपतं, आणि सपोर्टवाला म्हणतो की स्क्विडमध्ये लीक आहे, रोज रात्री रीस्टार्ट करा. हे शेवटचं वाक्य नसतं तर मी दोन ओळींत उत्तर संपवलं असतं.

त्या दोन ओळी आधी देतो. कॅश_मेम म्हणजे स्क्विडची एकूण मेमरी नव्हे. वाटेत असलेले आणि वारंवार लागणारे ऑब्जेक्ट रॅममध्ये ठेवायला जी जागा लागते, तेवढ्यापुरतीच ती मर्यादा. डिस्कवर जे काही साठवलंय, त्यातल्या प्रत्येक ऑब्जेक्टची नोंद स्क्विड रॅममध्ये ठेवतो, आणि ती कॅश_मेममध्ये धरलेली नसते. 64-बिट मशीनवर ढोबळ हिशोब आहे 1 जीबी डिस्क कॅशला 14 एमबी रॅम. तुम्ही प्रश्नाच्या शेवटी जाता जाता कॅश_डिर (डिस्कवरच्या कॅशचं फोल्डर) 350 जीबीची असल्याचं लिहिलंय. 350 गुणिले 14 म्हणजे 4.9 जीबी. त्यात तुमचे 2 मिळवा. 7 आले की नाही?

गोदाम वाढवलं की गल्ल्यावरची खतावणी जाड होणारच, आणि स्क्विडची खतावणी कायम रॅममध्येच उघडी असते.

आता माझी गोष्ट. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी सिस्टिम सांभाळायचो. लॅब आणि दोन्ही होस्टेल एकाच स्क्विडवर. मशीनला रॅम 8 जीबी, डिस्क कॅश 400 जीबी, कॅश_मेम 4 जीबी. हे आकडे मी येण्याआधीच एएमसीवाल्याने (देखभालीचं कंत्राट असलेल्याने) टाकलेले होते. मोठी डिस्क आहे तर वापरा की, असा त्याचा खाक्या. 400 गुणिले 14 म्हणजे 5.6, अधिक 4, म्हणजे 9.6. रॅम 8. संध्याकाळी पोरं होस्टेलवर आली की सगळं ठप्प, आणि रेक्टरचा फोन मला.

एएमसीवाल्याचं निदान: "लीक आहे सर, ओपन सोर्समध्ये असं होतंच." उपाय म्हणून त्याने क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या सोयीत) पहाटे 3 वाजता किल -9, म्हणजे प्रोसेस जबरदस्तीने मारणं, आणि लगेच स्टार्ट अशी ओळ टाकली. -9! स्क्विडला नीट बंद होऊच दिलं नाही, तर स्वॅप.स्टेट फाइल (डिस्कवरची नोंदवही) व्यवस्थित लिहिली जात नाही. मग सुरू होताना लॉगमध्ये "डर्टी लॉग" म्हणून ओळ येते आणि तो एकेक नोंद पडताळत बसतो. 400 जीबीची पडताळणी. सकाळी लॅब भरायची वेळ झाली तरी डिस्कचा दिवा विझायचा नाही. मग आता सकाळीसुद्धा नेट स्लो, आणि त्यावर हा गृहस्थ प्राचार्यांना सांगणार, बघा, स्क्विडच खराब आहे, आमचा बॉक्स घ्या. कोटेशन खिशात तयारच होतं.

दिवाळीच्या सुट्टीत होस्टेल रिकामं असताना मी त्याला आणि रेक्टरना समोर बसवलं. स्क्विड नीट बंद केला, सुरू केला, आणि टॉप (कुठली प्रोसेस किती मेमरी खाते ते दाखवणारी कमांड) उघडून ठेवला. नेटवर एक माणूस नाही. मेमरी चढत चढत गेली साडेपाच जीबीच्या आसपास आणि तिथे थांबली. लीक असतं तर रीस्टार्टनंतर आकडा तळाला हवा होता आणि वापराबरोबर हळूहळू वाढायला हवा होता. इथे वापर शून्य आणि आकडा पूर्ण, कारण डिस्कवरची अख्खी नोंदवही त्याने पुन्हा रॅममध्ये वाचून घेतली. म्हणजे रोज पहाटेच्या त्या रीस्टार्टने नोंदवहीतला एक एमबीसुद्धा वाचत नव्हता, उलट गरम झालेली मेमरी कॅश रोज पुसली जात होती. रेक्टर मेकॅनिकलचे, पण त्यांना लगेच पटलं. एएमसीवाला म्हणाला, "तरी पण सर, रॅम वाढवा."

खरेदी समितीने वाढवली. 16 जीबी. त्याने मोठ्या उत्साहाने कॅश_डिरही 800 जीबी केली. 11.2 अधिक 4, म्हणजे 15.2. डिस्क भरत आली तशी तीच संध्याकाळ, तोच फोन. पुढच्या वर्षी त्याचं कंत्राट गेलं, मी कॅश_डिर 100 जीबीवर आणली, आणि नंतर त्या मशीनच्या मेमरीबद्दल मला कुणी एक शब्द विचारला नाही.

तेव्हा तुमचा रॅमचा प्रश्न: घ्यायची तर घ्या, पण आधी डिस्क कॅश कमी करा. माझं स्पष्ट मत आहे की आज ऑफिस-कॉलेजच्या प्रॉक्सीला डिस्क कॅश लागतच नाही. स्क्विड 1996 चा, बारीक लाइन आणि उघड्या एचटीटीपीच्या काळातला. आज बहुतेक सगळं एचटीटीपीएस, म्हणजे कूटबद्ध. ते कनेक्ट करून बोगद्यातून आरपार जातं, स्क्विडला आतलं दिसत नाही, मग साठवणार काय? हिट रेशो (किती मागण्या कॅशमधूनच भागल्या) काढून बघा, रडू येईल. मूळ कॉन्फिग फाइलमध्येसुद्धा कॅश_डिरची ओळ पुढे हॅश लावून बंदच असते. लिनक्सचे पॅकेज अपडेट वगैरे साध्या एचटीटीपीवर येत असतील तर 10-20 जीबी ठेवा, आणि मॅक्सिमम_ऑब्जेक्ट_साइझ वाढवा, कारण डिस्कवर 4 एमबीपेक्षा मोठी फाइल तो आपणहून ठेवत नाही.

खात्री करायची तर स्क्विडक्लायंट या कमांडने एमजीआर:इन्फो हे स्क्विडचं माहितीचं पान बघा (आवृत्ती 7 मधून स्क्विडक्लायंट काढलाय, तिथे कर्लने तेच पान मागवा). त्यात "ऑन-डिस्क ऑब्जेक्ट्स" समोरचा आकडा बघा. 14 एमबीचा हिशोब सरासरी 13 केबीचा ऑब्जेक्ट धरून आहे, म्हणजे 1 जीबीत साधारण 80 हजार. तुमचे ऑब्जेक्ट बारीक असतील तर नोंदी जास्त आणि रॅमही जास्त. एमजीआर:मेममध्ये कुठल्या प्रकारच्या नोंदीने किती खाल्लं ते दिसतं. "मॅक्सिमम रेसिडेंट साइझ" बघून घाबरू नका, तो आजवरचा उच्चांक असतो, आत्ताचा वापर नव्हे.

आता थोडी सावरासावर, नाहीतर खाली कुणीतरी येईलच. स्क्विडमध्ये लीक कधी नव्हतेच असं नाही, काही आवृत्त्यांत होते, म्हणून जुनाट आवृत्ती चालवत असाल तर आधी ती बदला. कॅश_डिर पूर्ण काढूनही मेमरी आठवडेच्या आठवडे चढतच राहिली, तर मग शोधायला लागा. एसएसएल बंप (एचटीटीपीएस मध्येच उघडून बघणं) चालू असेल तर प्रत्येक जोडणीचा खर्च वेगळा. ब्लॉक करायच्या साइटींची लाखभर ओळींची यादी यूआरएल_रेजेक्समध्ये (पत्त्यात नमुना शोधणाऱ्या नियमात) कोंबली असेल तर ती काढून डीएसटीडोमेनमध्ये (फक्त साइटचं नाव जुळवणाऱ्या नियमात) टाका. प्रत्येक क्लायंट आयपीची नोंद ठेवणारा क्लायंट_डीबी गरज नसेल तर बंद करा. वर्कर (स्क्विडच्या समांतर चालणाऱ्या प्रोसेस) एकाहून जास्त असतील तर टॉपमधले त्यांचे आकडे बेरजेला घेऊ नका, सामायिक मेमरी प्रत्येकात पुन्हा दिसते. आणि कॅश_डिर रॉक प्रकारची (सगळे ऑब्जेक्ट एकाच मोठ्या फाइलीत ठेवणारी) असेल तर माझा वरचा हिशोब जसाच्या तसा लागू पडणार नाही.

एक राहिलं. 350 वरून एकदम 20 करून चालू स्क्विडला रीकॉन्फिगर मारू नका, तो लाखो फाइली पुसत बसेल आणि लोक तुमच्या नावाने ओरडतील. नीट बंद करा, जुनं फोल्डर बाजूला सरकवा, त्याच नावाचं नवं फोल्डर करून मालकी स्क्विडच्या युजरला द्या, कॉन्फिग बदला, स्क्विड -झेड (कॅशचे आतले फोल्डर तयार करणारी कमांड) चालवून सुरू करा. बाजूला ठेवलेलं फोल्डर रात्री उडवा. त्यासाठी क्रॉन लावलात तरी माझी हरकत नाही.