डोळे आल्यावर अँटिबायोटिक ड्रॉप्स टाकले, दोन दिवसांत लाली गेली. आता थांबवू का?

नको. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस, बहुधा पाच ते सात, पूर्ण करा. लाली गेली म्हणजे सगळे जिवाणू गेले असं नाही.

मात्र हे औषध फक्त जिवाणूंवर चालतं. सकाळी पापण्या पिवळसर चिपडांनी चिकटत असतील तर संसर्ग जिवाणूंचा असू शकतो. नुसतं पाणी गळतंय, सोबत सर्दी आहे, तर बहुधा विषाणू. तिथे मॉक्सिफ्लॉक्सासिन काय नि टोब्रामायसिन काय, कुठल्याच अँटिबायोटिक ड्रॉप्सचा उपयोग शून्य.

टाकताना बहुतेकांची गडबड होते. हात धुवा, खालची पापणी ओढून खळगा करा, त्यात एकच थेंब. दुसरा गालावरच ओघळतो, कारण डोळ्यात तेवढी जागाच नसते. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबा, नाहीतर घशात कडू चव येते (औषध गेलं तिकडे!). बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. लेन्स तूर्त बंद.

घरातली जुनी, स्टेरॉइड असलेली बाटली चुकूनही वापरू नका. डोळा दुखला, अंधुक दिसलं किंवा उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.