दगड चमकतोय पण रिपोर्टात टंगस्टन नाही? आधी पद्धत विचारा

तुमची पोस्ट वाचली आणि आमचं जुनं सगळं डोळ्यांसमोर आलं. रस्त्यापासून लांबचा डोंगर, चुनखडकाला ग्रॅनाइट भिडलाय तिथला स्कार्न (त्या उष्णतेने बदललेला खडक), रात्री शॉर्टवेव्ह अतिनील दिव्याखाली दगडभर निळसर-पांढरे ठिपके, आणि लॅब म्हणते टंगस्टन फक्त 60 पीपीएम (दहा लाख भागांत 60 भाग). जागा सोडून द्यावी का, असं विचारलंय तुम्ही. माझं मत: निदान या रिपोर्टच्या भरवशावर तरी अजिबात सोडू नका.

शीलाइट, म्हणजे हे चमकणारं टंगस्टनचं खनिज, कसं ओळखायचं ते सांगत बसत नाही, फोटोंवरून कळतंय की तुम्हाला ते येतं. मला बोलायचंय लॅबबद्दल.

आमच्या वेळी नेमकं हेच झालं. लॅबचं नाव घेत नाही. सगळ्या धातूंसाठी एकच स्वस्त पॅकेज, दगडाची पावडर अ‍ॅसिडमध्ये टाकायची, द्रावण मशीनला लावायचं, झालं. तांब्या-जस्ताला चालतं हे, पण शीलाइटला नाही. अ‍ॅक्वा रेजियात (हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांच्या मिश्रणात) शीलाइट फुटतं खरं, त्यातलं कॅल्शियम द्रावणात जातं पण टंगस्टन पिवळं टंगस्टिक अ‍ॅसिड होऊन परत खाली बसतं. माल चांगला असेल तर ट्यूबच्या तळाशी तो लिंबासारखा पिवळा साका नुसत्या डोळ्यांनी दिसतो, वर स्वच्छ पाणी. मशीन वाचतं ते वरचं. चार अ‍ॅसिडवाली पद्धत घेतली तरी टंगस्टन पूर्ण विरघळेल याची खात्री नाही.

पद्धत कोणती वापरली विचारलं तर उत्तर काय, "स्टँडर्ड प्रोसीजर". पुन्हा विचारलं तर म्हणे ड्युप्लिकेट (त्याच सॅम्पलची दुसरी तपासणी) जुळतायत, मग शंका कसली. अहो जुळणारच, दोन्ही वेळा टंगस्टन तळाशीच राहिलं! बॅचमध्ये टंगस्टनचं प्रमाणित सॅम्पल (ज्यातलं प्रमाण आधीच माहीत असतं) घातलं असतं तर पहिल्याच दिवशी उघडं पडलं असतं. या पत्रापत्रीत महिने गेले आणि तेवढ्यात ठेवायची मुदत संपली म्हणून त्यांनी आमची उरलेली पावडर फेकून दिली, साधं कळवलंसुद्धा नाही. फेरतपासणीला काही उरलंच नाही. सीझन संपलेला, बजेट दुसरीकडे वळलेलं, पुढच्या सीझनला तोच डोंगर, तीच ओझी. दुसऱ्या लॅबमध्ये फ्यूजन (पावडर वितळवून तपासणी) करून घेतलं तेव्हा त्याच थराचे आकडे टक्क्यांत आले. आजही राग येतो.

म्हणून आज, उद्या नाही, लॅबला लेखी कळवा की पावडर आणि उरलेला चुरा दोन्ही परत हवेत. मग तीच पावडर फ्यूजनला द्या, म्हणजे लिथियम बोरेट किंवा सोडियम पेरॉक्साइडबरोबर वितळवून, किंवा एक्सआरएफ (क्ष-किरणांनी तपासणी) करून घ्या. आणि दळायचं भांडं टंगस्टन कार्बाइडचं नको! त्यातून टंगस्टन सॅम्पलमध्ये उतरतं आणि मग उलटाच भ्रम होतो. टंगस्टनबरोबर कोबाल्टही विनाकारण वर गेलेला दिसला तर भांड्यावर संशय घ्या. आकडे वाचताना हेही बघा की कोण टंगस्टन लिहितंय आणि कोण टंगस्टन ट्रायऑक्साइड (त्याचं ऑक्साइड), 1 टक्का ट्रायऑक्साइड म्हणजे साधारण 7,930 पीपीएम टंगस्टन.

आता दगडाबद्दल थोडं, मी केमिस्ट नाही, फील्डवाला आहे, तुमची जागा पाहिलेली नाही, तेव्हा तारतम्याने घ्या. तुमचे बहुतेक सॅम्पल लाल-तपकिरी गार्नेटमधले दिसतायत. दिसायला ते भारी, पण बऱ्याच टंगस्टन स्कार्नमध्ये चांगला माल संगमरवराच्या बाजूच्या हिरव्या पायरॉक्सिन खनिजामध्ये आणि नंतर आलेल्या अ‍ॅम्फिबोल-पायरोटाइटच्या पट्ट्यात असतो. पायरोटाइट म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, ते गंजतं, म्हणून तो पट्टा वरून नुसता तांबूस भुसभुशीत दिसतो आणि लोक ओलांडून पुढे जातात. तो फोडा, आतला ताजा दगड चुंबकाला ओढतो का बघा, रात्री तिथेच दिवा लावा. चमक पिवळट असेल तर शीलाइटमध्ये मॉलिब्डेनम आहे, नोंद करून ठेवा. आणि निळं-पांढरं चमकणारं सगळंच शीलाइट नसतं, हायड्रोझिंकाइट हे जस्ताचं खनिजही तसंच चमकतं, पण ते पातळ अ‍ॅसिडच्या थेंबाला फसफसतं, शीलाइट नाही. शॉर्टवेव्ह दिव्याला डोळ्यांवर चष्मा हवाच, इथे हयगय नको.

नाल्यातला गाळही पॅनमध्ये धुऊन बघा. शीलाइट जड असलं तरी ठिसूळ आहे, पाण्याबरोबर फार लांब टिकत नाही, त्यामुळे जाड दाणे मिळाले तर उगम जवळच समजा.

खाण होईल का, हा प्रश्न वेगळा. कॅनडातलं मॅकटंग हे टंगस्टनचं ठिकाण 1962 मध्ये सापडलं, मोठा आणि चांगल्या प्रतीचा साठा, तरी तिथे अजून खाण नाही, जागा अतिशय दुर्गम हे त्याचं एक मोठं कारण. तेव्हा एवढ्यात कोणी टनांचे हिशोब सांगायला लागलं तर ऐकू नका.

रिपोर्टच्या पहिल्या पानावर पद्धतीचा कोड असतो, तो इथे टाका, बघून सांगतो. पण पावडरीचं पत्र त्याआधी पाठवा.