कोल्हापुरात भाजीपाला पिकवणं, बी राखणं, कलम बांधणं हे प्रत्यक्ष हातानं कुठं शिकता येईल?

तुम्ही लिहिलंय की फ्लॅटच्या गच्चीवर सोसायटीनं परवानगी दिलीय, नोकरीमुळं रविवारच मोकळा असतो आणि फी भरून वर्गाला जाण्यात अर्थ आहे का ते कळत नाही. अर्थ आहे. फक्त एका दिवसाच्या वर्गावर पैसे घालू नका.

हे मी पैसे घालवूनच शिकले. सात-आठ वर्षांमागं एका हॉलमध्ये रविवारची कार्यशाळा केली. सकाळपासून पडद्यावर चित्रं, दुपारी पुरी-भाजी, शेवटी प्रमाणपत्र आणि बियांची चार पाकिटं. दिवसभरात कुणाच्या नखात माती म्हणून गेली नाही. घरी येऊन कोथिंबीर पेरली ती अख्ख्या धण्यांची. उगवली विरळ आणि तीही उशिरा. धणे आधी रगडून दोन फाका करायचे असतात हे त्या चित्रांत नव्हतं, की जेवणानंतर मला डुलकी लागली होती, देव जाणे.

आता ठिकाणं. जिल्ह्यात दोन कृषी विज्ञान केंद्रं आहेत, एक कणेरी मठाचं आणि दुसरं तळसंद्याचं. करून दाखवणं हेच या केंद्रांचं काम. पण प्रशिक्षण रविवारीच असेल असं धरून चालू नका. आधी फोन करा आणि एखादी रजा टाका. कणेरीला एका एकरात शंभरावर पिकं घेतलेली शेती बघायला मिळते. नुसतं मठाचं म्युझियम बघून परत येऊ नका, त्या शेतात तासभर फिरा. गच्चीसाठी त्यातलं एकच उचलायचं: उंच पिकाच्या सावलीत कुठलं बुटकं पीक बसवलंय ते. शहरात कृषी महाविद्यालय आहे, तिथंही चौकशी करा. झाडं ओळखायची असतील तर शिवाजी विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्र विभागाची बाग आहे.

आणि घरच्या शेतीचा विचार करताना लांब बघायचीही गरज नाही. श्रीपाद अच्युत दाभोलकर आपल्या कोल्हापूरचेच. गणिताचे प्राध्यापक, गारगोटीच्या मौनी विद्यापीठात शिकवलेलं. त्यांनी प्रयोग परिवार उभा केला. कुणी व्याख्यान द्यायचं आणि बाकीच्यांनी वह्या भरायच्या असा तो प्रकार नव्हता. ज्यानं त्यानं आपल्या तुकड्यावर करून बघायचं आणि दुसऱ्याला सांगायचं. त्यांच्या वाटेनं आलेलं अमृतजल, म्हणजे पाला कुजवायचं पाणी, मी अजून करते: 10 लिटर पाण्यात 1 किलो ताजं शेण, 1 लिटर गोमूत्र आणि 50 ग्रॅम गूळ. तीन दिवस सावलीत, रोज दोन-तीनदा ढवळायचं. मग दसपट पाणी घालून त्यात वाळका पाला दिवसभर भिजत ठेवायचा आणि मूठ-मूठ माती टाकत थर लावायचे. गूळ काळाच घ्या, तो आपल्याकडं कमी नाही. पाला तर रस्त्यावर ढिगानं पडलेला असतो. झाडणाऱ्या मावशींना सांगून ठेवलं की पोतं भरून मिळतं. गच्चीवर नुसत्या मातीपेक्षा हा कुजलेला पाला हलका, म्हणजे सोसायटीची कटकटही कमी.

बी राखणं मात्र मला कुठल्याच वर्गात मिळालं नाही. ते भुदरगडला, सासरी. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. वेलावरचा सगळ्यात चांगला दोडका त्या भाजीला तोडूच देत नाहीत, त्याला चिंधी बांधून ठेवतात. वेलावरच वाळायचा, हलवला की खुळखुळला पाहिजे. बी राखेत घोळून गाडग्यात, गाडग्याचं तोंड शेणमातीनं लिंपून बंद. मी एकदा शहाणपणा करून गोल आणि लांब दुधी शेजारीशेजारी लावले आणि बी धरलं. पुढच्या वर्षी आलेले दुधी धड गोल नाहीत, धड लांब नाहीत. आत्ती म्हणाल्या, “मिरजेला पाठव, तंबोऱ्याला चालतील.” दोन्हींचे पराग एकमेकांत मिसळले होते. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. म्हणून दुपारीच नर आणि मादी अशा दोन्ही कळ्या दोऱ्यानं बांधायच्या, उमलायच्या वेळी आपल्या हातानं पराग लावायचा आणि मादी फूल परत बांधून टाकायचं. हे वाचून येत नाही. दोन कळ्या मोडल्या की तिसरीला येतं. टोमॅटो, घेवडा यांना एवढा खटाटोप लागत नाही, तुम्ही जवारी, म्हणजे गावठी, टोमॅटोपासून सुरुवात करा.

गुटी कलमही तसंच. पेन्सिलीएवढ्या फांदीची इंचभर साल गोल काढायची, ओलं शेवाळ बांधून वर प्लास्टिक गुंडाळायचं. पावसाळ्यात महिना-दोन महिन्यांत मुळ्या दिसतात. पण साल किती खोल काढायची हे समोरच्यानं तुमचा हात धरूनच दाखवावं लागतं.

रानभाज्या मोबाईलवरच्या फोटोंवरून शिकू नका, हे कळकळीनं सांगते. घोळीसारखीच जमिनीला चिकटून पसरणारी दुधाळ तणं असतात. देठ मोडला आणि पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, टाकून द्या. आषाढ-श्रावणात बाजारात टाकळा, कुर्डू, भारंगी घेऊन गावाकडच्या बायका बसतात, त्यांच्याकडून पेंडी घ्या आणि कशी शिजवायची ते तिथंच विचारा. दहा रुपयांत याहून चांगला वर्ग मला तरी माहीत नाही.

फी भरायच्या आधी शिकवणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा. स्वतःची बाग दाखवाल का? आणि रोप मेलं तर महिन्याभरानं परत येऊन विचारता येईल का? “व्हॉट्सॲप ग्रुप आहे” हे उत्तर मी तरी नकार समजते.

पहिली बाग पावसाळ्यात लावू नका. आपल्याकडच्या झडीत कुंड्यांत पाणी साचून नवख्याची रोपं कुजतात. दसऱ्यानंतर मेथी, मुळा, लाल माठ टाका. तोवर पाला गोळा करा. जवारी दोडक्याचं बी हवं असेल तर सांगा, देईन. भोपळ्याचंही आहे, पण ते आत्तींना विचारावं लागेल.