पारंपरिक लग्नात नटायचं कसं? आधी गुरुजींना फोन करा

तुमचा प्रश्न असा: डिसेंबरात लग्न आहे, विधी सगळे मराठी पद्धतीने करायचेत, पण दिसायला देखणं आणि आजचं वाटायला हवं, मग खरेदी कुठून सुरू करू? मी गेली बारा वर्षं नवरींना नऊवारी नेसवते, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

दुकानात जाण्याआधी गुरुजींना फोन करा. तुमच्याकडे कोणते विधी होणार, कोणत्या क्रमाने, प्रत्येकाला किती वेळ लागेल, हे सगळं कागदावर लिहून घ्या. आपल्या लग्नात नवरी नुसती उभी राहून फोटो काढत नाही. ती पाटावर तासभर बसते, होमात लाह्या टाकते, अग्नीभोवती फिरते, सप्तपदी चालते आणि शे-दीडशे जणांच्या पाया पडते. एवढं सगळं करताना जी साडी पुन्हा पुन्हा सावरावी लागत नाही, ती घ्या. आरशासमोर सरळ उभं राहून कोणतीही साडी छान दिसते, म्हणून दुकानात खाली बसून आणि वाकून पाहा. दुकानदाराला याची सवय असते, लाजू नका.

बहुतेक घरांत मुख्य साड्या दोन. गौरीहर पूजेला मामाकडची पिवळी, म्हणजे अष्टपुत्री, आणि नंतर सासरचा शालू. पिवळी कधी बदलायची हे घराघरावर ठरतं. कुणाकडे मंगलाष्टकांच्या आधी, कुणाकडे नंतर. दोन्ही आयांना एकत्र बसवून हे आत्ताच विचारा, नाहीतर लग्नाच्या दिवशी खोलीच्या दाराशी दोन मतं उभी राहतात. पिवळीकडे लोक फार दुर्लक्ष करतात याचं मला वाईट वाटतं. रीत म्हणून एक साधी साडी आणली की झालं, असं समजतात. पण ज्या घरात मंगलाष्टकांपर्यंत पिवळीच असते, तिथे अंतरपाट दूर होतो तो क्षण ह्याच साडीत येतो. मामाला सोबत घेऊन जा आणि ती मनापासून निवडा. कडक खळीची सुती असेल तर आधी एकदा पाण्यातून काढून घ्या, म्हणजे निऱ्या फुगत नाहीत.

आता पैठणी. तुम्ही लिहिलंय की येवल्याला जाऊन घ्यायची आहे. जरूर जा, पण लग्नाच्या महिनाभर आधी नको. हातमागावर भरगच्च पदराची पैठणी विणायला काही महिने सहज लागतात. मनासारखा रंग आणि मनासारखा पदर हवा असेल तर आत्ताच सांगून ठेवायला हवं. पदर उलटा करून पाहा: हातमागाच्या पैठणीत पदरावरचा मोर, मुनिया, कमळ दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं. मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसले तर ती यंत्रमागाची आहे. यंत्रमागाची घेण्यात काहीच कमीपणा नाही, फक्त तिची किंमत हातमागाची देऊ नका. दोन खुणाही लक्षात ठेवा. ‘सिल्क मार्क’चं लेबल रेशीम शुद्ध असल्याचं सांगतं, ती हाताने विणली आहे की नाही हे सांगत नाही, त्यासाठी ‘हँडलूम मार्क’ वेगळा असतो. अनेकजण पहिलं पाहून दुसरं गृहीत धरतात. रंग मात्र दुकानाच्या दाराशी, उजेडात पाहा. पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असला की ती हलताना रंग बदलते, आणि कार्यालयाच्या पांढऱ्या दिव्यांखाली ती दुकानातल्यापेक्षा वेगळीच दिसू शकते.

नऊवारी नेसायची असेल तर साडी मुळातच नऊवार लांबीची मागवा. सहावारी पैठणी कापून, जोड देऊन नऊवारी शिवून घ्या असा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. माझ्या आजीच्या जांभळ्या पैठणीचं असंच झालं. शिवणाऱ्याने सांगितलं, काठ तसाच ठेवतो. हातात आली तेव्हा पदर दोन जागी कापलेला होता. पुन्हा जोडता आला नाही, आणि ती साडी माझ्या मुलीला आता साडी म्हणून कधीच नेसता येणार नाही. त्यामुळे हाताने विणलेल्या साडीला कात्री लावू नका, हे मी प्रत्येक नवरीला सांगते. शिवलेली नऊवारी हवीच असेल तर त्यासाठी वेगळं, साधं रेशमी कापड घ्या. शिवलेली पाच मिनिटांत चढते आणि सुटायची भीती नसते, हा तिचा खरा फायदा आहे. पण नेसलेल्या नऊवारीचा काष्टा अंगाच्या मापाने बसतो, चालताना तो वळतो, आणि पाटावर बसल्यावर निऱ्या आपोआप पडतात. वेळ असेल तर नेसा. आधी दोनदा घरी नेसून, नेसलेल्या साडीत जेवून, जिना चढून-उतरून पाहा.

घरात आजीची किंवा आईची जुनी साडी असेल तर ती आजच ट्रंकेतून काढा. रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलं की त्या रेषेवर विरतं. खिडकीसमोर धरून घडीच्या ओळीत उजेड दिसतो का ते पाहा. विरली असेल तर ती नेसायचा हट्ट नको. तिचा शेला करा, किंवा रुखवताच्या मागे पडद्यासारखी लावा. चांगली असेल तर प्लॅस्टिकमधून काढून मलमलीत गुंडाळा, घडी बदला आणि डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका.

वेळेचं गणित मुहूर्तापासून मागे मोजा. समजा मुहूर्त दुपारी १२:२५ चा आहे. गौरीहराला ११:३० ला बसायचं, म्हणजे ११:१५ ला तयार. नऊवारीला २५ मिनिटं, खोपा-गजरा-मुंडावळ्यांना पाऊण तास, मेकअपला एक तास. म्हणजे नऊच्या आत खुर्चीत बसायला हवं. पण सकाळी पुण्याहवाचन असेल तर तिथेही अनेक घरांत नवरी आईवडिलांजवळ बसते, आणि नेमकी इथे गाडी अडकते. मेकअपवाली खोलीत थांबलेली, नवरी पूजेत. ते आदल्या दिवशी सीमांतपूजनाच्या आधी उरकता येईल का, हे गुरुजींना विचारा. बरेचजण तयार होतात. शालू बदलायला पंगती बसण्याची वेळ उत्तम. पाहुणे जेवायला वळतात आणि तुम्हाला अर्धा तास निवांत मिळतो.

होमाबद्दल एक गोष्ट मनापासून सांगते. हल्ली शालूवर जाळीची लांब ओढणी डोक्यावरून सोडतात. ती बहुतेक पॉलिएस्टरची असते, आणि कृत्रिम धागा पेटला की वितळून अंगाला चिकटतो. लाजाहोमाला ती काढून ठेवा आणि खांद्यावर रेशमी किंवा सुती शेला घ्या. तसाही शेला लागतोच, कारण त्याची आणि नवऱ्याच्या उपरण्याची गाठ बांधतात. निसरड्या जाळीची गाठ सुटते आणि मग करवली सेफ्टी पिन शोधत फिरते.

दागिन्यांत माझं मत सरळ आहे: गळ्यात तीनच. अंगासरशी ठुशी किंवा चिंचपेटी, मध्ये तन्मणी, आणि खाली एकच लांब, मोहनमाळ किंवा कोल्हापुरी साज. मंगळसूत्राला जागा ठेवायची असते हे विसरून सगळं आधीच भरलं जातं. हिरवा चुडा आदल्या दिवशी भरा. त्याच्या मागेपुढे पाटल्या आणि तोडे आधी घालून पाहा, नाहीतर काचा फुटतात. नाक टोचलेलं नसेल तर चापाची नथ घ्या, पण घरी तासभर घालून बसा. लग्नासाठी टोचायचं असेल तर निदान दोन-तीन महिने आधी टोचा. नवं सोनं घेताना प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क क्रमांक आहे ना, हे बघा. २०२३ च्या एप्रिलपासून तो बंधनकारक आहे.

मेंदी लग्नाच्या दोन दिवस आधी काढा, रंग दुसऱ्या दिवशी गडद होतो. हळद त्यानंतर असेल तर तळहात चोळू नका. हळदीला जुनी सुती साडी नेसा, आणि डाग पडलाच तर लगेच साबण लावू नका, तो लाल होतो. साध्या पाण्याने धुऊन उन्हात टाका. गुरुजींकडच्या अक्षताही पाहून घ्या. कुंकू ओलं राहिलं असेल तर शालूवर गुलाबी ठिपके पडतात. आदल्या रात्री ताटात पसरून वाळवल्या की काम होतं.

नवऱ्या मुलाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते, कारण त्याची खरेदी नेहमी शेवटच्या आठवड्यात होते. विधींना रेशमी कद किंवा सोवळं आणि उपरणं. दोघांचे रंग तंतोतंत जुळवू नका. तुमच्या साडीच्या काठातला एक रंग त्याच्या उपरण्यात आला की पुरे. फेटा डोक्यावर बांधून घ्या, तयार टोपीसारखा नको, आणि मुंडावळ्या फेट्यावरून बांधायच्या हे फेटेवाल्याला आधी सांगा. कानपिळीला तुमचा भाऊ लागतो, त्यालाही फेटा हवा. तो ऐन वेळी कुणाचा तरी उसना घेऊन उभा राहतो.

छायाचित्रकाराला सप्तपदीची सातही पावलं टिपायला सांगा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमानुसार, जिथे सप्तपदी विधीत असते तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण होतो. त्यात तुमचे दोघांचे चेहरे, अग्नी आणि गाठ एकाच चौकटीत यायला हवेत. भटजींची पाठ मध्ये येत असेल तर त्यांचा पाट थोडा तिरका मांडायला आधीच सांगून ठेवा.

मुहूर्ताची वेळ आणि गुरुजींनी दिलेला विधींचा क्रम इथे लिहिलात तर साडी बदलण्याचं वेळापत्रक मी मांडून देते.