भिंतीवरून उतरवलेला नकाशा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याहून एका वडिलांचे पत्र आले आहे. ते कोळसा खाणीत पर्यवेक्षक आहेत. मुलीने बारावीनंतर दोनदा 'नीट' दिली. पहिल्या वेळी ४०२ आणि दुसऱ्या वेळी ४१८ गुण पडले. तिसऱ्या प्रयत्नासाठी नागपूरची निवासी अकादमी बरी की लातूरची, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. मुलीला मात्र प्राचीन काळच्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जीवाश्मांचा अभ्यास करायचा आहे. तिच्या 'वेडाचा' पुरावा म्हणून त्यांनी तिच्या खोलीतल्या जगाच्या नकाशाचा फोटो जोडला आहे. पत्राच्या शेवटी ते लिहितात : "लहानपणी मीच तिला खाणीतून पानाचा ठसा असलेला दगड आणून दिला, तिथेच चुकलो. नकाशा आता उतरवून ठेवला आहे."

सप्रेम नमस्कार.

नागपूर की लातूर, या प्रश्नाचे उत्तर मी देणार नाही, कारण तिसऱ्यांदा ही परीक्षा देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. मुलगी रात्री बारापर्यंत अभ्यासाला बसते, हे आपणच लिहिले आहे. तरीही पूर्ण एका वर्षाच्या कष्टातून सोळा गुण वाढले. कष्ट कमी पडले असते तर वसतिगृह बदलून काही साधले असते. येथे तिचे मनच त्या वाटेवर नाही. मात्र मला खरी काळजी गुणांची वाटली नाही. 'लोक विचारतात' हे शब्द आपल्या पत्रात चार वेळा आले आहेत आणि 'मुलगी म्हणते' हे एकदाच, तेही तक्रारीच्या सुरात. ज्या वडिलांनी डब्याच्या पिशवीतून दगड घरी आणून मुलीच्या हातावर ठेवला, त्यांनाच आज त्या गोष्टीचा पश्चात्ताप व्हावा, हे वाचून मी पत्र काही वेळ बाजूला ठेवले.

तो दगड बहुधा कोळशाच्या थरालगतचा करडा शेल, म्हणजे चिखलापासून बनलेला पातळ थरांचा खडक, असावा आणि त्यावरचे पान जिभेच्या आकाराचे, मधोमध ठळक शीर आणि दोन्ही बाजूंना जाळीदार शिरा असलेले असावे. तसे असेल तर ते ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झालेल्या वनस्पतीचे होय. हेच पान आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका येथल्या खडकांतही सापडते. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती बर्फात मरण पावले, तेव्हा त्यांच्याजवळ सुमारे १६ किलो दगड होते आणि त्यांत या पानाचे ठसे होते. उपासमारीतही त्यांनी ते ओझे टाकले नव्हते. हे सारे भूखंड एकेकाळी जोडलेले होते आणि त्या जुन्या महाखंडाला गोंडवन हे नाव मिळाले ते आपल्याकडच्या गोंडांच्या प्रदेशावरून. आपण मुलीला चुकीचे काहीही दिले नव्हते.

आता नकाशाविषयी. फोटो मोठा करून मी तो बराच वेळ पाहिला. मीही भूविज्ञानाचाच विद्यार्थी होतो, त्यामुळे मला तो वाचता येतो. मुलीने प्रत्येक प्राण्यासाठी वेगळ्या रंगाची टिकली वापरली आहे. हिरव्या टिकल्या मेसोसॉरसच्या आहेत. सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीचा, जेमतेम मीटरभर लांबीचा हा पाण्यात राहणारा प्राणी एकीकडे ब्राझील आणि उरुग्वे येथे, तर दुसरीकडे नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेत सापडतो. एवढासा जीव अटलांटिक पोहून जाणे शक्य नव्हते. भूखंड सरकले असे म्हणणाऱ्या वेगेनर यांना हा पुरावा म्हणूनच मोलाचा वाटला. लाल टिकल्या लिस्ट्रोसॉरसच्या आहेत : दक्षिण आफ्रिका, अंटार्क्टिका, चीन आणि आपल्याकडे राणीगंजजवळचे पांचेतचे थर. येथे तिची एक चूक झाली आहे, कारण लिस्ट्रोसॉरसला आज सस्तन प्राण्यांकडे जाणाऱ्या शाखेत धरतात, सरपटणाऱ्यांत नाही. जुन्या पुस्तकांत तो तसाच दिलेला असतो. तिला हे सांगा, ती वाद घालील.

मला सर्वांत आवडली ती एका पिवळ्या टिकलीशेजारची पेन्सिलीने लिहिलेली ओळ : 'हा स्कॉटलंडमध्ये कसा?' पिवळ्या टिकल्या हायपेरोडॅपेडॉनच्या आहेत. पोपटासारख्या चोचीच्या या सरपटणाऱ्या प्राण्याला ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ हक्सली यांनी १८५९ मध्ये स्कॉटलंडच्या एल्गिनजवळच्या वालुकाश्मातून मिळालेल्या अवशेषांवरून नाव दिले आणि पुढे तोच आपल्या प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या मालेरीच्या लाल थरांतही मिळाला. गोंडवन दक्षिणेचे, स्कॉटलंड उत्तरेचे. मग एकच प्राणी दोन्हीकडे कसा, अशी तिची अडचण आहे आणि ती रास्त आहे. सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वी उत्तर आणि दक्षिण असे वेगळे भूखंड नव्हतेच, सारी जमीन पँजिया या एकाच महाखंडात होती, हे त्याचे उत्तर. मात्र उत्तरापेक्षा प्रश्नाला अधिक किंमत आहे. पाठांतर करणारे मूल टिकल्या लावते आणि थांबते. न बसणारी टिकली शोधून तिच्याशेजारी प्रश्न लिहिणारी मुले मला माझ्या कामात क्वचितच भेटली.

आपल्या पत्रातला एक गैरसमज मात्र खोडावाच लागेल. 'असल्या गोष्टी परदेशात सापडतात, इथे राहून ती काय करणार?' असे आपण लिहिता, आणि लिहिता वरोऱ्यात बसून! वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याचे नाव जगभरच्या शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. तेथल्या लॅमेटा थरांत, म्हणजे डायनोसॉर-युगाच्या अखेरच्या काळातल्या खडकांत, डायनोसॉरची हाडे आणि अश्मीभूत विष्ठा सापडते. त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष मिळाले आणि डायनोसॉरच्या काळात गवत होते, हे २००५ मध्ये सिद्ध झाले. पिसदुऱ्याच्या नावाचे एक जीवाश्म कासवही आहे, जैनेमिस पिसदुरेन्सिस, आणि त्याच्या जवळच्या गोतावळ्यातली कासवे मुंबईच्या बेसाल्टमधल्या थरांत आणि थेट मादागास्करमध्ये मिळतात. आपल्या जिल्ह्यातल्याच डोंगरगावच्या टेकडीवर मिळालेल्या महाकाय डायनोसॉरचे नाव आयसीसॉरस आहे, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या आद्याक्षरांवरून. मालेरीच्या थरांतल्या मगरीसारख्या पॅरासुकसच्या जातीला मिशनरी आणि भूवैज्ञानिक हिस्लॉप यांचे नाव आहे, ज्यांच्या नावाचे कॉलेज नागपुरात आहे. मादागास्कर आपल्यापासून सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी तुटले. त्यानंतर समुद्रात एकट्या पडलेल्या भारतावर अगदी वेगळेच प्राणी मिळायला हवे होते, पण गुजरातच्या राहिओलीचा राजासॉरस हा मांसाहारी डायनोसॉर पाहावा तर त्याचे भाऊबंद मादागास्कर आणि अर्जेंटिनात. हे कसे घडले, यावर अजूनही वाद चालू आहेत. त्या वादाचा पुरावा आपल्या शेजारच्या शिवारात पडून असताना मुलीला परदेशाची भीती घालणे मला पटत नाही.

मार्ग थोडक्यात सांगतो. मुलगी प्राणिशास्त्राला प्रवेश घेईन म्हणते, पण आपल्या देशात पुराजीवशास्त्राचे, म्हणजे जीवाश्मांच्या अभ्यासाचे, दार मुख्यतः भूविज्ञानातून उघडते : भूविज्ञानात बी.एस्सी., 'जॅम' (आयआयटींची एम.एस्सी. प्रवेश परीक्षा) किंवा विद्यापीठाच्या परीक्षेतून एम.एस्सी., नंतर संशोधनासाठी 'नेट' वा 'गेट' या राष्ट्रीय पात्रता परीक्षा, किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिक परीक्षा. बारावीला गणित नसेल तर प्रत्येक संस्थेची अट आधी वाचावी.

आता तिला न आवडणारे सांगतो, म्हणून हा परिच्छेद तिलाही वाचायला द्या. केवळ जीवाश्मांवर पोट चालेल अशा जागा देशात फार थोड्या आहेत : लखनौची बिरबल साहनी संस्था, कोलकात्याची सांख्यिकी संस्था, आयआयटी रुरकीसारखे मोजके विभाग आणि सर्वेक्षणातल्या काही जागा. पीएच.डी. होईपर्यंत वयाची तिशी जवळ येते. कामही चित्रपटातल्यासारखे नसते. विदर्भातल्या उन्हात दिवसभर नाला तुडवून हाती काही लागत नाही, आणि लागलेच तर एका मणक्यावरचा दगड सुईने खरवडण्यात आठवडे जातात. हे वाचून तिचे मन उतरले, तर ते आत्ताच कळलेले बरे. उतरले नाही, तर भूविज्ञानाची पदवी तिला उपाशी ठेवणार नाही. भूजल सर्वेक्षण, खनिकर्म आणि कोळसा या क्षेत्रांत भूवैज्ञानिक लागतात, हे खाणीतल्या माणसाला मी सांगायला नको.

अकादमीचे पैसे भरले नसतील तर भरू नका. नकाशा तिचा तिला परत लावू द्या आणि एखाद्या रविवारी तिला घेऊन पिसदुऱ्याला जाऊन या. तेथून काही उचलून मात्र आणू नका, कारण थरातून हललेल्या हाडाची निम्मी माहिती तेथेच राहून जाते. आणि पुढचे पत्र तिला लिहू द्या. बी.एस्सी.ला जोडीचे विषय कोणते घ्यावेत, हे मला तिच्याशीच बोलायचे आहे.