घरच्या कार्यशाळेसाठी नेहमीच्या बोल्टखेरीज कोणते खास बोल्ट घ्यावेत?

घराच्या एका खोलीत लाकूडकामाची आणि थोड्या लोखंडकामाची कार्यशाळा मांडताना षटकोनी डोक्याच्या साध्या बोल्टखेरीज आणखी कोणते प्रकार आणून ठेवावेत, आणि हार्डवेअरच्या दुकानात दाखवतात ते सगळे खरोखर लागतात का, असे आपण विचारले आहे. सगळे लागत नाहीत. साधा बोल्ट नीट आवळायला दोन्ही बाजूंनी पाना पोहोचावा लागतो, आणि जिथे तो पोहोचत नाही, किंवा डोके वर राहिलेले चालत नाही, किंवा जोड दिवसातून दहा वेळा सैल करायचा असतो, तिथेच खास बोल्टाची गरज पडते. म्हणून आधी जोड पाहावा आणि मग दुकानात जावे.

माझ्याकडे सर्वांत जास्त खपतो तो कॅरेज बोल्ट. त्याचे डोके घुमटासारखे गुळगुळीत असते, त्याला पाना किंवा पेचकस लावायला जागाच नसते, आणि डोक्याखालची मान चौकोनी असते. बोल्टाच्या जाडीएवढे भोक पाडून तो हातोडीने आत ठोकला आणि पलीकडून चाकी (नट) आवळत नेली, की ही मान लाकडात रुतते आणि बोल्ट फिरेनासा होतो; त्यामुळे एकट्या माणसाला एकाच पान्याने काम करता येते. माझ्या कामाच्या टेबलाचे पाय आणि आडव्या पट्ट्या १० मिमी जाडीच्या कॅरेज बोल्टांनी जोडलेल्या आहेत, आणि बाहेरच्या बाजूला गुडघ्याला लागेल असे काहीच नाही. अंगणाच्या लाकडी फाटकाला बिजागऱ्या बसवतानाही हाच बोल्ट बाहेरून आत घालावा, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला तो खोलता येत नाही. वायसर मात्र फक्त चाकीखाली घालावा, कारण डोक्याखाली घातला तर मान लाकडात पुरेशी रुतत नाही. सागवान किंवा बाभळीसारख्या कठीण लाकडात मान जबरदस्तीने ओढल्यास काठाजवळची फळी चिरते, तेव्हा भोकाचे तोंड पटाशीने चौकोनी करून घेणे बरे. पॅकिंगच्या पेट्यांतून निघणाऱ्या पाइनच्या फळ्यांची अडचण उलटी असते: मानेला पकड कमी मिळते आणि काही वर्षांनी गंजलेली चाकी खोलू लागलो की अख्खा बोल्टच गरगर फिरतो. अशा वेळी डोक्यावर हॅक्सॉने खाच पाडून ती पेचकसाने धरावी. पावसाळ्यात फुगलेले लाकूड उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे मार्च-एप्रिलच्या सुमारास सगळ्या चाक्यांवरून एकदा पाना फिरवावा लागतो. टेबल डुगडुगू लागल्यावर मी सुताराला बोल लावला होता, पण दोष केवळ ऋतूचा होता.

पलंग किंवा टेबल सुटे करून हलवायचे असेल तर बॅरल नट पाहावा. ही म्हणजे लहानशी भरीव दांडी असते आणि तिच्या कुशीत आडवे आटे पाडलेले असतात. दांडी पट्टीच्या बाजूने भोकात घालायची आणि लांब बोल्ट पायातून आणून तिच्यात फिरवायचा. लाकडाच्या टोकाशी, म्हणजे जिथे रेषा कापलेल्या दिसतात तिथे, स्क्रूची पकड फार कमी असते. ही दांडी रेषांना आडवी बसत असल्यामुळे ताण मागच्या अखंड लाकडावर येतो, आणि जोड कितीही वेळा सोडला तरी झिजतो तो लोखंडाचा आटा, लाकूड नव्हे. दोन्ही भोके एकमेकांना अचूक काटकोनात मिळायला हवीत, एवढाच त्याचा त्रास आहे.

टी बोल्टाचे डोके ॲल्युमिनियमच्या खाचपट्टीत सरकते, आणि वरून फुलपाखरी चाकी हाताने आवळली की मार्गदर्शक पट्टी, म्हणजे कापताना लाकूड टेकवायची पट्टी, हवी तिथे थांबते. घाईत असाल तर साध्या बोल्टाच्या डोक्याच्या दोन बाजू ग्राइंडरवर घासूनही काम भागते. ॲलन बोल्टाच्या गोल डोक्यात षटकोनी खाच असते आणि ते डोके भोकात बुडवता येते; एम ८ ला, म्हणजे ८ मिमी जाडीच्या बोल्टाला, ६ मिमीची ॲलन की (षटकोनी किल्ली) लागते आणि डोक्यासाठी १३ मिमीहून थोडा मोठा खड्डा करावा लागतो. लाकडाचा भुसा डोक्याच्या खाचेत घट्ट बसल्यावर ॲलन की घसरते, तेव्हा आधी दाभणाने खाच साफ करावी.

टेबलावर व्हाइस (शिकंजा) बसवताना कोच स्क्रूचा, म्हणजे थेट लाकडात पिळायच्या जाड स्क्रूचा, मोह टाळून आरपार जाणारे साधे बोल्ट आणि खाली रुंद वायसर वापरावेत, कारण व्हाइसला हिसके बसतात आणि लाकडातले आटे हळूहळू सुटतात. भिंतीवर ग्राइंडरचा स्टँड लावायचा असेल तर अँकर फास्टनर, म्हणजे आवळल्यावर भोकात फुलून पकड घेणारा बोल्ट, काँक्रीटमध्येच बसवावा आणि भोकातली धूळ फुंकून काढावी. प्लास्टरची जाडी त्याच्या खोलीत धरू नये. पोकळ ब्लॉकमध्ये तो फुलताना ब्लॉकच फोडतो. आय बोल्टाबद्दल, म्हणजे डोक्याजागी कडे असलेल्या बोल्टाबद्दल, एक ताकीद द्यावीशी वाटते: सळई वाकवून केलेले, सांधा न जोडलेले कडे जड ओझ्याखाली उघडते, म्हणून झोपाळ्यासाठी ते कधीही वापरू नये; घडीव आय बोल्टही सरळ ओढीसाठीच असतो, तिरकी ओढ बसली की त्याची ताकद बरीच घटते.

समुद्रकाठच्या घरात जस्ताचा मुलामा लवकर जातो, तिथे स्टेनलेस स्टील घ्यावे. मात्र स्टेनलेसची चाकी स्टेनलेसच्याच बोल्टावर यंत्राने वेगात आवळली तर आटे तापून एकमेकांना चिकटतात आणि मग बोल्ट कापावाच लागतो; थोडे ग्रीस लावून हातानेच सावकाश फिरवावी.

शेवटची गोष्ट मापांची. आपल्याकडे अनेक दुकानांत अजूनही सुताचे माप चालते, आणि एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सुताचा बोल्ट ७.९४ मिमीचा भरतो, म्हणजे एम ८ च्या शेजारी ठेवला तर डोळ्याला फरक कळत नाही. पण त्याचे आटे इंचाला १८, म्हणजे सुमारे १.४१ मिमीवर, तर एम ८ चे १.२५ मिमीवर असतात. एकाची चाकी दुसऱ्यावर दोन-तीन फेरे जाते आणि अडते, आणि आपण जोर लावला की दोघांचेही आटे मरतात. मी असे दोन बोल्ट वाया घालवल्यावर सुताचा माल आणि मिलिमीटरचा माल वेगवेगळ्या डब्यांत ठेवू लागलो. जुन्या यंत्राची चाकी हरवली असेल तर माप तोंडी सांगत बसू नये, बोल्टच खिशात घालून दुकानात न्यावा आणि नवी चाकी तिथेच शेवटपर्यंत फिरवून पाहावी.