दोन पिनकोड, दोन स्वभाव

प्रश्न : सर, आमच्या सांगलीचा पिनकोड ४१६४१६. तोच आकडा दोनदा येतो. गणिताच्या दृष्टीने याला काही अर्थ आहे का? (गावभाग, सांगली)

उत्तर : आहे की! तीन अंकी संख्या लागोपाठ दोनदा लिहिली की ती आपोआप १००१ ने गुणली जाते. १००१ म्हणजे ७ × ११ × १३, त्यामुळे अशा कुठल्याही संख्येला या तिघांनी भाग जाणारच. राहिले ४१६, ते ३२ × १३. म्हणजे पाच वेळा २, एकदा ७, एकदा ११ आणि दोनदा १३. संख्या पुरती उलगडली. विभाजक किती? प्रत्येक अवयव जितक्या वेळा आला त्यात एक मिळवून गुणा : ६ × २ × २ × ३ = ७२.

प्रश्न : साताऱ्याचा ४१५००१ मूळ संख्या आहे ना? शंभराच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिले, एकानेही भाग जात नाही. (सदर बझार, सातारा)

उत्तर : शंभरावर थांबलात, तिथेच गडबड झाली. या संख्येचे वर्गमूळ ६४४ च्या किंचित पुढे आहे, तिथपर्यंत जायला हवे. त्या वाटेने १११ मूळ संख्या वाया जातात आणि ११२ वी, ६१३, लागू पडते. ४१५००१ = ६१३ × ६७७, आणि दोन्ही मूळ.

पण इतकी भागाकारांची हमाली करायची गरज नाही. सतराव्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची युक्ती वापरा. वर्गमूळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या ६४५. तिचा वर्ग तोंडी येतो : ६४ × ६५ = ४१६०, पुढे २५ लावले की ४१६०२५. त्यातून आपला पिनकोड वजा करा. उरतात १०२४, म्हणजे बरोबर ३२ चा वर्ग! आता शाळेत घोकलेले वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र : ६४५ − ३२ = ६१३, ६४५ + ३२ = ६७७. पहिल्याच फटक्यात काम झाले. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असले तरच हे इतके पटकन जमते, हे मात्र ध्यानात ठेवा.

प्रश्न : ४१६४१६ च्या अंकांची बेरीज शेवटी ४ येते. हे शुभ का? (मिरज)

उत्तर : ९ ने भागल्यावर बाकी ४ उरते, एवढेच ते सांगते.

प्रश्न : अवयव पाडण्याचा व्यवहारात उपयोग काय? (कऱ्हाड)

उत्तर : पाडता न येण्याचा उपयोग जास्त! रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये काढलेली आरएसए ही सांकेतिक पद्धत त्यावरच उभी आहे. दोन प्रचंड मूळ संख्या गुणणे सोपे, पण गुणाकारावरून त्या शोधणे महाकठीण. आरएसए-२५० ही २५० अंकी संख्या २०२० मध्ये फोडली, तीही असंख्य संगणक जुंपून. अशा मूळ संख्या निवडताना त्या एकमेकींच्या फार जवळ नसतील याची काळजी घेतात. नाहीतर वरची साताऱ्याची युक्ती तिथेही चालेल.